हात न लावता केलेलं कौतुक

७ मार्च

पिएरिनाने ख्रिसमसला तोरिनोहून ही वही पाठवली. "आई, एकटी असतेस, चार ओळी लिहीत जा," म्हणाली. एकटी असले तरी लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, म्हणून वही फडताळात पडून होती. आज घडलं.

सकाळी सिसिन्नियो आला. हा माझ्या नवऱ्याचा भाचा. नवरा गेला, पण भाचा उरला. नगरपालिकेत शिपाई आहे. कॉफी नको म्हणाला, तेव्हाच ओळखलं की ह्याच्या मनात पाप आहे.

"मामी, रागावू नका. नगराध्यक्षांचा हुकूम आहे," असं म्हणत त्याने एक कागद टेबलावर ठेवला आणि स्वतः दारापाशी जाऊन उभा राहिला.

हुकूम असा, की शेजारच्या झेद्दांच्या घरापासून तीनशे मीटरच्या आत कोणी बाकला लावायचा नाही, आणि लावला असेल तर उपटून टाकायचा. कारण काय, तर मागच्या मेमध्ये त्यांच्या चार वर्षांच्या लुस्सूला बाकल्याच्या शेंगा बाधल्या आणि त्याला इस्पितळात रक्त चढवावं लागलं.

"गव्हाला बंदी आहे?" मी विचारलं.

"नाही."

"द्राक्षाला? भोकराएवढ्या त्या झेद्दांच्या टोमॅटोंना?"

"नाही मामी. फक्त बाकल्याला."

"म्हणजे फक्त मला."

  ह्या गल्लीत बाकला लावणारी मीच. माझा वाफा आणि झेद्दांचं अंगण ह्यांच्यामध्ये फक्त एक दगडी गडगा आहे. बियाणं माझ्या आईचं, तिच्या आईचं. मेच्या जत्रेत गावच्या संतापुढे पहिलं ताट माझ्या शेंगांचं जातं आणि मगच बाकीच्या बायका आपली ताटं उचलतात. शिवाय दाविदे येतोय. माझा नातू आता अडीच वर्षांचा झालाय. मागच्या वर्षी त्याला दाढा नव्हत्या. यंदा आजीच्या मांडीवर बसून कच्च्या शेंगा खाईल, मेंढीच्या चीजच्या तुकड्याबरोबर, आम्ही सगळे खात आलो तशा.

सिसिन्नियोला म्हटलं, "नगराध्यक्षांना सांग, स्वतः या आणि उपटा. मी कुदळ देते."

९ मार्च

झोप नीट लागली नाही. राग आला की मला पेप्पू आठवतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

पेप्पू माझा धाकटा भाऊ. मी सात वर्षांची होते, तो चारचा. त्याचे गाल असे, की येणारी-जाणारी बाई ते चिमटल्याशिवाय पुढे जायची नाही. आमच्याकडे रीतच आहे, मुलाचं कौतुक केलं की त्याला हात लावायचाच. हात न लावता नुसतं "काय गोड आहे" म्हटलं, तर नजर लागते. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

तो एप्रिल होता. पेप्पू गडग्यावर पाय हलवत बसला होता आणि मांडीवरच्या शेंगा सोलून खात होता. पलीकडे रिमुंदा झेद्दा पीठ मळत होती. ती म्हणाली, "पेप्पू, देवदूतासारखा दिसतोस रे." हात लावला नाही. हात कोपरापर्यंत पिठात होते, असं नंतर म्हणायची. पिठाचा हात लागला असता तर काय पोर विटलं असतं?

दोन दिवसांनी पेप्पू पिवळा पडला. डोळेसुद्धा पिवळे. लघवी झाली ती काळ्या वाईनसारखी. आई चादरी धूत राहिली, डाग जाईनात. नजर उतरवणाऱ्या म्हातारीला बोलावलं, तिने पाण्यात गव्हाचे दाणे सोडून मंत्र म्हटले. बुडबुडे आले, म्हणजे नजरच. पुन्हा पाणी, पुन्हा मंत्र. तिसऱ्या दिवशी पेप्पू गेला.

तेव्हापासून आम्ही आत्झेनी आणि झेद्दा एकमेकांशी बोलत नाही. रिमुंदाला मरेपर्यंत ह्या गल्लीत कोणी आपलं मूल कडेवर दिलं नाही. आता तिची मुलगी अस्सुंता म्हातारी झाली आहे, लुस्सू अस्सुंताच्या मुलीचा मुलगा. ही अस्सुंता कुणाच्याच मुलाला चांगलं म्हणत नाही. मूल समोर आलं की मान खाली घालते आणि वाटेला लागते. आईचे गुण माहीत असतील तिला.

आणि ह्या लोकांनी माझ्या शेंगा उपटायला लावाव्यात! नाही उपटणार.

१८ मार्च

फुलं आलीत. पांढरी, आत काळा ठिपका. कुंपण घाला, असा सिसिन्नियोचा नवा निरोप. कुंपण चोर घालतात. मी घातलं नाही.

२ एप्रिल

शेंगा धरू लागल्या. तो लुस्सू रोज गडग्यावर येऊन बसतो, पेप्पूच्याच जागेवर. मी झेद्दांशी बोलत नाही, म्हणून मांजराला सांगितलं, "त्या पोराला म्हणावं, खाली उतर, पडशील."

लुस्सू मांजरालाच म्हणाला, "तिला सांग, मी कधीच पडत नाही."

"त्याला म्हणावं, आमच्या शेंगांना हात लावायचा नाही."

"तिला सांग, मला खायच्या नाहीतच. आई मारते. मला फक्त आतली गादी बघायची आहे."

शेंगेच्या आत पांढरी मऊ लव असते, तिला तो गादी म्हणतो. मी एक शेंग सोलली, दाणे काढून खिशात टाकले आणि रिकामं साल गडग्यावर ठेवलं. मांजरासाठी. त्याने खेळण्यातली शिशाची एक मेंढी त्यात निजवली आणि बोट ओठावर ठेवून मला गप्प राहायला सांगितलं.

पोर गोड आहे. झेद्दांचं असलं तरी खरं ते लिहायला हवं. पण तोंडाने म्हटलं नाही. म्हटलं तर हात लावावा लागेल, आणि हात लावला तर बोलणं झालंच.

८ एप्रिल

आज डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. पिरिसी त्यांचं नाव. वयाने पिएरिनाहून लहान, घालतात पँट. त्यांना मात्र कॉफी चालली.

म्हणाल्या, "ग्रेकामावशी, कागदाने तुमचा अपमान झाला असेल तर माफी मागते. पण मुलाच्या रक्तात जन्मापासूनच एक कमतरता आहे. बाकला खाल्ला की त्याचं रक्त आतल्या आत फुटतं. आपल्या बेटावर अशी मुलं खूप आहेत."

"आपल्या बेटावर लोक बाकला खाऊनच मोठे झाले."

"जे मोठे झाले ते झाले," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात कधी एखादा मुलगा वसंतात गेला होता का? लहान असताना?"

हे त्यांना कोणी सांगितलं, हे मला लगेच कळलं. झेद्दांनीच. स्वतःच्या आईचं पाप झाकायला आता माझ्या मेलेल्या भावाला मधे ओढतात. मी उभी राहिले आणि दार उघडून धरलं. बाईंनी पेला विसळून ठेवला आणि मग गेल्या. संस्कार आहेत, ते नाकारत नाही.

१२ एप्रिल

पिएरिनाचा फोन बारमध्ये आला, माझ्या घरी फोन नाही. २८ला पोचतेय. दाविदे आता वाक्यं बोलतो म्हणे. त्याला फोनवर घेतलं तर आजीला म्हणाला, "नोन्ना, शेंगा." तिने शिकवलं असणार. बारवाल्यासमोर डोळे पुसावे लागले, लाज वाटली.

१५ एप्रिल

सिसिन्नियोने दंडाची पावती आणली. मी ती चुलीत घातली आणि त्याला जेवायला वाढलं. जेवला. म्हणाला, "मामी, उद्या मला माणसं घेऊन यावं लागेल."

"पवित्र आठवडा लागलाय. तुझी माणसं येशूला पाठीवर घेऊन फिरताहेत. ईस्टरनंतर ये."

हे त्याला पटलं. हे गाव असंच चालतं, आणि त्यावर मी जगते.

१८ एप्रिल

लुस्सूची आई मारिएद्दा शहरातल्या हॉटेलात कामाला आहे. ईस्टरमुळे आठवडाभर घरी नाही. लुस्सू दिवसभर आजीजवळ. दोनदा गडग्यावर दिसला. माझ्याकडे पिएरिना येणार म्हणून धुणं होतं, लक्ष गेलं नाही.

२० एप्रिल, पवित्र शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं आलंय. पण आजच लिहायचं.

सकाळी मिरवणुकीसाठी काळा पोशाख घातला आणि मांजराला दूध द्यायला मागे गेले. लुस्सू कालही गडग्यावर नव्हता, आजही नव्हता. झेद्दांच्या दोरीवर एक लहान चादर वाळत होती. तिच्या मधोमध डाग होता. धुतलेला, पण न गेलेला. काळ्या वाईनचा डाग.

ती चादर मी ओळखली. अस्सुंताची चादर मी कशी ओळखणार? पण तशी चादर मी सात वर्षांची असताना आमच्या दोरीवर पाहिली होती. आई ती पुन्हा पुन्हा काढायची आणि पुन्हा धुवायची.

मी रस्त्याने वळसा घालून गेले नाही. गडगा चढले. ह्या वयात, काळ्या पोशाखात, मोजे फाटले. आमच्यापैकी कोणी साठ वर्षांत त्या अंगणात पाय ठेवला नव्हता.

अस्सुंता स्वयंपाकघरात होती. टेबलावर पाण्याची वाटी, हातात गव्हाचे दाणे. लुस्सू बाकावर आडवा. पिवळा. ओठांत रंगच नाही. डोळे माझ्याकडे वळले, तेही पिवळे.

"तू इथे?" अस्सुंता म्हणाली. "तूच नजर लावलीस. रोज गडग्यावरून बघत असतेस, कौतुकाने बघतेस, बोलत नाहीस. आता पाणी बघ, कसे बुडबुडे आलेत."

कोणी दुसऱ्याने मला असं म्हटलं असतं तर वाटी तोंडावर फेकली असती. पण हे शब्द मला पाठ होते. हेच शब्द माझ्या आईने हिच्या आईला ऐकवले होते.

मी म्हटलं, "लावली असेल मी. त्याचं भांडण ईस्टरनंतर कर. आधी पोराला उचल. ह्याला शहरात न्यायचंय."

"त्याने शेंगा खाल्ल्या नाहीत. मी पाहिलंय. तो शपथ घेतो. म्हणजे हे शेंगांचं नाही, नजरेचंच आहे."

मी लुस्सूच्या उशीखाली हात घातला. का घातला, सांगता येत नाही. पेप्पूही सगळं उशीखाली ठेवायचा म्हणून असेल. तिथे सालं निघाली, माझ्याच शेंगांची, वाळलेली, पाच-सहा. प्रत्येकात एक शिशाची मेंढी निजलेली. सालं होती, म्हणजे दाणेही कुठेतरी गेलेच होते.

लुस्सू क्षीण आवाजात म्हणाला, "दाणे टाकायला जागा नव्हती. म्हणून खाल्ले."

अस्सुंताच्या हातून गहू सांडले. पण तरी पुटपुटली, "एकदा पाणी पुरं करू दे. अर्धं सोडलं तर वाईट असतं."

तेव्हा मी ती वाटी उचलली आणि खिडकीतून बाहेर ओतली. म्हटलं, "आमच्या पेप्पूचं पाणी पुरं केलं होतं. तीनदा."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना सुट्टीमुळे बंद. गाडी कोणाकडे? सिसिन्नियोकडे. सिसिन्नियो कुठे? मिरवणुकीत, क्रुसाचं डावं टोक खांद्यावर घेऊन. मी भर चौकात मिरवणुकीत शिरले. फादरनी प्रार्थना थांबवली. मी सिसिन्नियोची बाही धरून म्हटलं, "खाली ठेव."

"मामी, येशू आहे हा."

"त्याला रविवारपर्यंत घाई नाही. चल."

लोकांनी तोंडावर हात धरले. धरू देत. मागच्या सीटवर अस्सुंता आणि मी, मधे लुस्सू, त्याचं डोकं माझ्या मांडीवर.  

२१ एप्रिल

रक्त चढवलं. रात्री ताप उतरला. इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मारिएद्दा हॉटेलच्या एप्रनमध्येच धावत आली. तिने मला पाहिलं आणि आईकडे पाहिलं. अस्सुंताने फक्त एवढंच सांगितलं, "हिने आणलं."

"आणि शेंगा कुणाच्या?" मारिएद्दाने विचारलं.

"माझ्या," मी म्हटलं. "हुकूम मोडून ठेवलेल्या. बोल काय बोलायचं ते."

ती बोलली. बरंच बोलली. तिचा हक्क होता, मी उभी राहून ऐकलं. तरी माफी माझ्या तोंडून निघेना, जीभच तशी वळत नाही. मी म्हटलं, "सोमवारी वाफा नसेल." तिला ते पुरलं असावं, कारण मग ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

दुपारी पिरिसीबाई आल्या. सुट्टी सोडून आल्या. जिन्यावर त्यांना गाठलं आणि पेप्पूचं सगळं सांगितलं. गडगा, मांडीवरच्या शेंगा, पिवळे डोळे, चादरी, पाणी. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं. मांडीवरच्या शेंगा मी जन्मभर सांगत आले आणि जन्मभर त्यांच्यावरून पुढे जात आले, रिमुंदाच्या पिठाळ हातांकडे.

"आता तपासता येणार नाही," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही सांगता ते सगळं तेच आहे, मावशी."

"मग मी कशी जगले? मीही त्याच टोपलीतलं खाल्लं."

त्यांनी सांगितलं, हे आईकडून येतं. मुलींना बहुधा काही होत नाही, त्या नुसत्या पुढे वाहून नेतात. बाधतं ते मुलग्यांना. शेंगांशिवाय काही औषधंही बाधतात, कपड्यांत ठेवतो त्या डांबराच्या गोळ्याही. एकदा माहीत असलं की मूल अगदी ठणठणीत मोठं होतं. माहीत नसलं की मग वसंत येतो.

मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या मुलीला मुलगा आहे ना?"

मी जिन्यावर बसले. पायऱ्या थंड होत्या. लोक वरखाली जात होते.

२३ एप्रिल

पहाटेपासून वाफा उपटला. सिसिन्नियो मदतीला आला, त्याला गडग्याच्या त्या बाजूला उभं केलं. हुकमाने उपटला असं कोणी म्हणायला नको. ग्रेका आत्झेनीने स्वतः लावला, स्वतः उपटला. शेंगा भरलेल्या होत्या, ऐन भरातल्या. रडले. लिहिते, रडले. रोपांसाठीही रडले, ते लपवायचं कशाला.

आईच्या बियाण्याची बरणी मात्र मी फेकली नाही. सिसिन्नियोच्या सासऱ्याचं शेत डोंगराखाली आहे, जवळपास घर नाही, मूल नाही. तिथे दिली. आईचं बी जगेल, माझ्या दारात नाही.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढल्या आणि विहिरीपासून लांब पुरल्या. मग बारमध्ये जाऊन तोरिनोला फोन लावला. पिएरिना म्हणाली, "आई, हे म्हाताऱ्यांचं काहीतरी."

मी म्हटलं, "म्हाताऱ्यांचं असतं तर पाणी आणि गहू सांगितले असते. मी रक्त तपासायला सांगतेय."

"इथे कुणी ऐकणार नाही. हसतील."

"मग इथे तपासू. तोवर पोराला एक दाणा दिलास तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस." फोन मीच ठेवला.

२६ एप्रिल

बायका नळावर म्हणतात, ग्रेका झेद्दांना शरण गेली. पवित्र शुक्रवारी देव खांद्यावरून उतरवला तो वेगळाच. मी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, मामा, काका लहानपणी एप्रिल-मेमध्ये गेला? हात वर करा."

कोणी हात वर केला नाही. पण दोघीजणी बादल्या अर्ध्याच भरून निघाल्या, आणि एक दुपारी पिरिसीबाईंच्या दारात नातवाला घेऊन उभी होती. पाहिलं मी.

२८ एप्रिल

आले. दाविदेचे गाल पेप्पूचे आहेत. फोटोत कळलं नव्हतं. दारातून आत आला आणि म्हणाला, "नोन्ना, शेंगा?"

म्हटलं, "शेंगा संपल्या. आजीने अंडी ठेवलीत." त्याने अंडी खाल्ली. दुपारी बाईंनी रक्त घेतलं, तो ओरडला, पिएरिनाने माझ्याकडे रागाने पाहिलं.

४ मे

दाविदेलाही आहे.

पिएरिनाने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "आई, मी त्याला येताना सांगत होते, नोन्ना तुला टोपलीभर देईल." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, लहान असताना रडायची तशी.

मी आईला दोष देणार नाही. तिने जे पोरांना आवडतं ते दिलं. पण रिमुंदाचं काय करू? ती बाई चाळीस वर्षं ह्या गल्लीत डोळे खाली घालून चालली. तिच्या मुलीने कोणाच्याही मुलाला गोड म्हटलं नाही, स्वतःच्या नातवालाही नाही, भीतीने. आणि मी त्यावर लिहिलं, आईचे गुण माहीत असतील. लिहिलेलं खोडणार नाही, राहू दे तिथेच.

मेलेल्या माणसाची माफी कशी मागतात, फादरना विचारलं. म्हणाले, प्रार्थना करा. घरात बसून प्रार्थना कोणीही करेल. तिची बदनामी चौकात झाली होती.

६ मे

जत्रा झाली. दाविदे झोपलाय, आता लिहिते.

संतापुढे पहिलं ताट दुसऱ्याचं गेलं, गल्लीबाहेरच्या कुणाचं तरी. बायका वाटच बघत होत्या. एकीने विचारलंच, "ग्रेका, यंदा रिकाम्या हाताने?"

"रिकाम्या हाताने कशी? नातवाचा हात धरून आलेय."

चौक भरलेला होता. चर्चच्या पायऱ्यांवर अस्सुंता उभी होती, बदामाच्या मिठाईचं ताट घेऊन, शेजारी लुस्सू. अजून फिकट आहे, पण एका जागी राहत नव्हता, म्हणजे बरा आहे. मी दाविदेला कडेवर घेतलं आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. बाजूचं बोलणं थांबलं. आत्झेनी झेद्दांसमोर उभे राहिलेले ह्या चौकाने पाहिलेलं नाही.

अस्सुंताने मूल पाहिलं आणि मान खाली घातली. बाजूला सरू लागली.

"थांब," मी म्हटलं. "हा माझा नातू. दाविदे. कसा आहे सांग."

तिने लुस्सूला जवळ ओढलं.

"मी विचारतेय, अस्सुंता. सगळ्यांसमोर विचारतेय. कसा आहे माझा नातू?"

तिने ताट लुस्सूच्या हातात दिलं, हात एप्रनला पुसला आणि तो दाविदेच्या गालाकडे नेला. रीत तिलाही येते. जन्मभर ती त्या रीतीच्याच भीतीत जगली.

मी तिचं मनगट धरलं आणि हात खाली नेला.

"हात नको," मी म्हटलं. "नुसतं सांग."

पिएरिना मागून "आई" म्हणाली. कुणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली. मलाही भीती वाटली, खोटं कशाला लिहू. साठ वर्षांची भीती एका जिन्यावर बसून जात नाही. पण मी मनगट सोडलं नाही.

अस्सुंताने माझ्याकडे पाहिलं. मग दाविदेकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. 

"गोड आहे," ती म्हणाली. आवाज आलाच नाही, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं. "फार गोड आहे. देवदूतासारखा आहे."

दाविदेने हात पुढे करून लुस्सूच्या ताटातली एक मिठाई उचलली आणि खाल्ली.